वणव्यात परत शिरलेले नारायणराव

नारायणराव गायकरांची आणि माझी पहिली भेट एका घोड्याच्या पिछाडीला झाली. बदलापूर आणि वांगणी यांच्यामध्ये, डोंगराच्या पायथ्याशी असलेल्या पांजरपोळात मी कंपौंडर म्हणून नुकताच रुजू झालो होतो. घोड्याच्या मांडीवरच्या जखमेला औषध लावायला वाकलो, तोच कुणीतरी सदरा धरून मला बाजूला ओढले.

"मागं उभं राहायचं नाही, कंपौंडर. त्याला मागचं दिसत नाही. न दिसणाऱ्याला ते भितं, आणि भ्यालं की लाथ घालतं."

हे पांजरपोळाचे व्यवस्थापक नारायणराव. घोड्यापेक्षा मीच जास्त भ्यालो होतो, हे त्यांनी ओळखले. पण चारचौघांत बोलून दाखवले नाही.

मांजर्लीच्या शेतकरी घरात जन्मलेले नारायणराव टाकून दिलेल्या जनावरांचे पालक झाले. उल्हासनगरच्या छावणीत टांगा हाकणारे पारूमल यांची लाली नावाची घोडी खूर चिघळून बसली, तेव्हा नारायणराव स्वतः तिला आणायला गेले. तिच्या लंगड्या चालीने, सावल्या शोधत, ते दिवसभर चालत आले. सिंध सोडून आलेल्या पारूमलना त्या घोडीशिवाय दुसरा आधार नव्हता. ते सवड मिळेल तेव्हा येत आणि तिच्या मानेला गाल लावून उभे राहत.

होळीनंतरच्या एका दुपारी पारूमल असेच आले होते. डोंगरावरचे गवत वाळून कुरकुरीत झाले होते. आधी वास आला. मग माथ्यावर धुराची रेघ दिसली आणि पाहता पाहता ती रेघ ज्वाळांची झाली. वारा आमच्याच दिशेला होता. बांबू फुटल्याचे आवाज येऊ लागले आणि तबेल्यातले अकरा घोडे एकदम टापा आपटू लागले.

नारायणरावांनी आवाज चढवला नाही. गाई, बैल आणि शेळ्या घेऊन गडी नदीकडे निघाले. घोड्यांसाठी त्यांनी गोणपाटे पाण्यात बुडवली, एकेकाच्या डोळ्यांवर बांधली आणि सर्वांत शांत घोडा पुढे काढला. पारूमलनी लालीसह दोघांचे दोर धरले. मला नारायणरावांनी एकच काम सांगितले.

"शेवटचं जनावर बाहेर पडलं की तबेल्याचं दार लावा, अडसर घाला. घोडं भ्यालं की घरातच परत शिरतं. विसरू नका."

मी विसरलो नाही. शेवटचा घोडा बाहेर पडला तेव्हा कुंपणाचा निवडुंग पेटला होता. अडसर भिंतीला टेकून होता, चार पावलांवर. मी तो पाहिला आणि नदीकडे पळत सुटलो. माझ्या पायांवर माझी सत्ता उरली नव्हती.

वाटेत एक जळती फांदी कोसळली. पारूमलच्या हातून दोर सुटले. लालीने डोळ्यांवरचे गोणपाट झटकून टाकले; ती आणि एक आंधळा म्हातारा घोडा उधळले आणि सवयीच्या वाटेने सरळ तबेल्यात शिरले. छपराचा गवती कोपरा धुमसत होता. पारूमल ओरडले, "साईं, मत जाओ! घोडी गेली तर जाऊ द्या!"

नारायणराव डोक्यावर ओले गोणपाट घेऊन आत गेले. धुरात दार दिसेनासे झाले. आतून लालीचे खिंकाळणे ऐकू येत होते, नारायणरावांचा आवाज मात्र नाही. मी नदीच्या वाळूत उभा होतो आणि एवढेच मनात येत होते, की हे मी केले.

लाली बाहेर आली. तिच्या आयाळीला लोंबकळत, खोकत नारायणराव आले. आंधळा घोडा आला नाही. छप्पर त्याच्यावरच बसले. नारायणरावांचा डावा हात कोपरापर्यंत भाजला होता. त्या हाताची दोन बोटे आजही वळत नाहीत.

पांजरपोळ चालवणाऱ्या मंडळाचे सभासद चौकशीला आले, त्यांनी विचारले, "दार उघडं कसं राहिलं?" मी मान खाली घातली. नारायणराव म्हणाले, "माझ्याकडून राहिलं." त्यांना कडक समज मिळाली.

आठवड्याने त्यांची पट्टी बदलताना मला राहवले नाही. "नारायणराव, दार मी..."

"ठाऊक आहे. तुम्ही भ्यालात हे मला दिसत होतं. तरी तुम्हालाच मागं ठेवलं. मग चूक कुणाची? पट्टी जरा सैल बांधा."

त्या म्हाताऱ्या घोड्याला पुरले तिथे ते रोज काही वेळ एकटेच बसत, हेही मी पाहिले आहे. माझ्या चुकीचे दुःख त्यांनी आपल्याकडे ठेवून घेतले. आज त्यांच्या षष्ट्यब्दीच्या निमित्ताने, त्यांना न विचारता, मी हे सर्वांसमोर लिहीत आहे. ते रागावतील. रागावोत.

धुराने धरलेली त्यांची छाती मोकळी होवो. त्यांना भरपूर, निरोगी आयुष्य लाभो. सध्या ते मला घोड्याच्या तोंडात हात घालून दात तपासायला शिकवत आहेत. घोड्याने कान हलवला तरी मी अजून हात मागे घेतो. मी फार सावकाश शिकणारा माणूस आहे. माझे शिक्षण पुरे होईपर्यंत त्यांनी आमच्यात असावे, एवढीच प्रार्थना.