एकच साईट उघडत नव्हती

हे मी अजून कुणाजवळ बोललेलो नाही. बायकोजवळ नाही, आईजवळ नाही, आणि जिच्याजवळ बोलायला हवं होतं तिच्याजवळ तर नाहीच. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुमच्याजवळ बोलतोय. यात धीर वगैरे काही नाही. अनोळखी माणसासमोर तोंड उघडणं सोपं जातं, एवढंच.

कॉम्प्युटरपासून सुरुवात करतो. तेवढं मला नीट सांगता येतं.

आम्ही कोपरखैरण्याला राहतो. तेव्हा घरात एकच कॉम्प्युटर होता, हॉलमध्ये, आईच्या पलंगाच्या पायथ्याशी. स्मार्टफोन आमच्याकडे अजून आले नव्हते. माझ्याकडे आणि वंदूकडे बटणांचे साधे फोन. वंदू म्हणजे माझी धाकटी बहीण, वंदना. तेव्हा सदतीस वर्षांची, बिनलग्नाची. बाबा गेले तेव्हा तिच्यासाठी स्थळं बघणं चालू होतं, ते थांबलं. पुढे आईची उजवी बाजू गेली आणि ते राहूनच गेलं. माझी बायको नीता वाशीला बँकेत, आमची मुलगी शाळेत. मी न्हावा शेव्याच्या बंदरात, एका क्लिअरिंग एजंटकडे. कंटेनरचे नंबर, सील, वजनं कागदांशी जुळवून बघायची. एक आकडा चुकला की अख्खा कंटेनर अडकून पडतो. माझा आकडा चुकत नाही, अशी तिथे माझी ख्याती आहे. म्हणजे दिवसभर आईजवळ वंदूच. कुशीवर वळवणं, पुसून घेणं, भरवणं, सगळं.

नीतानेच एकदा मला सुनावलं. "अहो, ती दादा-दादा करते म्हणून जन्मभर ठेवून घेणार आहात का तिला? नाव तरी घाला कुठे." आणि माझी वाट न बघता तिनेच वंदूचं नाव लग्न जुळवणाऱ्या एका साईटवर घातलं. संपर्कासाठी नंबर दिला तो माझा. आमच्यात तशीच रीत. मुलीचा नंबर कोणी देत नाही. पुढचं बोलायचं तर ते मोठ्या भावाशी. त्यात कुणालाच काही वावगं वाटलं नाही.

दुपारी आईचा डोळा लागला की वंदू कॉम्प्युटरसमोर बसायला लागली. नावड्याचे एक गृहस्थ होते. तळोज्याच्या कारखान्यात सुपरवायझर, बायको वारलेली, मुलगी शाळेत. साईटवर त्यांचे निरोप यायचे, ही उत्तर लिहायची. काय लिहायची, मला माहीत नाही. पण आईचे केस विंचरताना ती गुणगुणायला लागली होती. हे माझ्या लक्षात आलं नव्हतं, असं मला म्हणता येणार नाही. आलं होतं.

आणि मग एका संध्याकाळपासून ती साईट उघडेना.

बाकी सगळं उघडत होतं. बातम्या, रेल्वेचं बुकिंग, गॅसचा नंबर लावायचं पान. फक्त ती एक नाही. "दादा, बघ ना रे काय झालंय." मी बघितलं. राउटर बंद केला, थोडं थांबून चालू केला. वायर काढून परत घातली. मग तिला शेजारी स्टुलावर बसवून समजावलं. बघ वंदू, आपण साईटचं नाव टाकतो, पण मशीनला नावावरून जाता येत नाही, त्याला आकड्यांतला पत्ता लागतो. नाव सांगितलं की पत्ता सांगणारी एक सोय बाहेर असते, तिला डीएनएस म्हणतात. कधी ती चुकीचा पत्ता सांगते, कधी सांगतच नाही. आपण दुसरीकडे विचारून बघू. सेटिंगमध्ये जाऊन मी जुने आकडे काढले, नवे घातले. हुकूम टाइप करायची ती काळी खिडकी उघडून मशीनने लक्षात ठेवलेले जुने पत्ते पुसले. परत राउटर बंद, परत चालू. सगळं क्रमाने, एकही पायरी न गाळता. प्रत्येक वेळी ती साईटचं नाव टाकायची आणि एंटर दाबायच्या आधी एकदा माझ्याकडे बघायची.

कशी उघडेल?

बाहेर पत्ता विचारण्याआधी कॉम्प्युटर स्वतःजवळची एक छोटी फाईल बघतो. तिच्यात एखाद्या नावाशी पत्ता जोडून ठेवलेला असला, तर तो बाहेर विचारायच्या फंदात पडत नाही. लिहिलाय तिथेच जातो. आमच्या ऑफिसात पोरांनी क्रिकेटचा स्कोअर बघत बसू नये म्हणून कॉम्प्युटरवाल्याने हीच युक्ती केली होती, ती मी त्याच्या मागे उभा राहून बघून घेतली होती. घरच्या मशीनमधल्या त्या फाईलच्या तळाशी मी एक ओळ लिहिली होती. एकशे सत्तावीस, शून्य, शून्य, एक, आणि पुढे त्या साईटचं नाव. हा आकडा म्हणजे मशीनचा स्वतःचाच पत्ता. विचारणाऱ्याला घरातल्या घरात परत पाठवणारा.

वंदू आत कणीक मळत होती तेव्हा लिहिली. आई पलंगावरून माझ्याकडे बघत होती. तिला काय कळणार होतं?

म्हणजे बिघाड मीच केला, आणि तो शोधायचं नाटकही मीच केलं. तुम्ही विचाराल, नाटक कशाला? नुसतं "मला नाही जमत" म्हणालो असतो तरी चाललं असतं. पण तिचा माझ्यावर विश्वास होता ना, दादाला जमतं असा. तो मला मोडायचा नव्हता. किती विचित्र आहे हे, बघा.

तिने इंटरनेटवाल्यालाही बोलावलं. जनार्दन, बोनकोड्याचा, आमच्याच वयाचा. सगळं बघून म्हणाला, "नेट एकदम झकास हाय. सगलं उघडतंय. तुमची ती साईटच बसली असंल."

वंदू वैतागली. "साईट नाही, तुमची वायर बसलीय. गच्चीवर उंदीर लागलेत तिला."

"आनि उंदराने काय, एवरी लग्नाचीच साईट खाल्ली काय ताई?"

ती लाजली आणि हसली. जनार्दन हसला. मीही हसलो. सगळ्यात जास्त मला ते हसणं आठवतं.

नंतर एकदा तिने विचारलं, "सायबर कॅफेत जाऊन बघू का रे? स्टेशनजवळ आहे एक." मी म्हणालो, "तिथे पासवर्ड टाकू नकोस, चोरतात." हे खरं होतं. चोरायचेच. त्या काळात मी तिला जे जे सांगितलं त्यातलं जवळजवळ सगळं खरं होतं. डीएनएसचं खरं, पासवर्डचं खरं. खोटं मी एकदाच बोललो, आणि ते तिच्याशी नाही.

तिथेच येतोय. जरा घुटमळतोय, पण येतोय.

ज्या संध्याकाळी ती ओळ लिहिली, त्याच दिवशी दुपारी मला फोन आला होता. मी यार्डात होतो, शेजारी ट्रेलर मागे घेत होते, म्हणून पत्र्याच्या शेडमागे गेलो.

"नमस्कार. मी नावड्याहून बोलतोय. वंदनाताईंचे... म्हणजे, ताई नव्हे, माफ करा. वंदनाजींचे मोठे बंधू ना आपण?"

घाबरले होते बिचारे. मी हो म्हणालो. त्यांनी स्वतःची माहिती सांगितली, मुलीची सांगितली, रविवारी घरी येऊन भेटू का, असं विचारलं. सगळं रीतीने. जे थेट वंदूला विचारता आलं असतं ते मला विचारत होते, कारण विचारायचं असतं ते भावालाच.

आता इथे एक गोष्ट आहे. मी पुष्कळ वर्षं स्वतःला सांगत आलो की मी जे केलं ते आईसाठी केलं. वंदू गेली असती तर आईला कोणी बघितलं असतं? नीताने नोकरी सोडायची? बाहेरची बाई ठेवायची आणि तिने आईला कसं वागवलं असतं? असं कुणाला सांगितलं तर तो मान डोलावेल. तुम्हीही कदाचित डोलावाल. म्हणून फोनवरचं उरलेलं बोलणंही सांगतो.

ते म्हणाले, "आणि साहेब, आईंचं मला माहीत आहे. त्यांना सोडून येणं होणार नाही, असं वंदनाजींनी पहिल्यांदाच स्पष्ट लिहिलंय. मी म्हणतो, सोडायचं कशाला? आमचं घर तळमजल्यावर आहे, मागची खोली रिकामीच असते. आईंना घेऊनच येऊ देत. माझ्या मुलीलाही आजी मिळेल."

म्हणजे आईचं कारण त्यांनी माझ्या हातातून काढून घेतलं होतं. माझ्याकडे काही उरलंच नव्हतं.

आणि मी म्हणालो, "तुम्हाला उशीर झाला. तिचं ठरलंय."

ते म्हणाले, "ठरलंय?" मग, "अच्छा. काही बोलल्या नाहीत त्या."

"मुलीच्या जातीने कसं बोलायचं?" हे मी म्हणालो.

"बरोबर आहे. हो, बरोबर आहे. चांगलं झालं. माझा नमस्कार सांगा त्यांना."

का केलं मी असं? शेडमागे उभा असताना माझ्या डोक्यात आई नव्हती. गावची भावकी होती. मुलगा धडधाकट असताना आई जावयाच्या दारात जाऊन पडली, हे ते म्हणणार. चुलते म्हणणार, लग्नकार्यात कोपऱ्यात बसून म्हणणार. मला ते आत्ताच ऐकू येत होतं. आणि दुसरं कारण आहे, ते याहून लहान आहे, म्हणून सांगायला जड जातंय. घर चाललं होतं. संध्याकाळी आलो की दार उघडायला माणूस होतं, आई स्वच्छ होती, भाकरी तव्यावर होती. ते सगळं ज्या एका माणसावर चाललं होतं, ते माणूस मला जाऊ द्यायचं नव्हतं. आईसाठी नव्हे. माझ्यासाठी.

घरी आलो. दोघं साईटवर बोलणार, "तुमचं ठरलं म्हणे" असं ते लिहिणार, ती विचारणार "कुणी सांगितलं?" एवढा हिशेब मी बसमध्येच केला होता. मग ती ओळ लिहिली. माझा आकडा चुकत नाही.

त्यांनी पुढे काही लिहिलं का? मला माहीत नाही. ऑफिसातून बघता आलं असतं. पासवर्ड नीताने मला सांगून ठेवला होता. मी बघितलं नाही. तेवढीही हिंमत झाली नाही.

वंदूने हळूहळू विचारणं सोडलं. पावसाळा येऊन गेला, दिवाळीही झाली, आणि मग एकदा ती आईला भरवत असताना मी फाईलमधली ती ओळ पुसली. म्हणालो, "वंदू, चालू झालीय गं तुझी साईट." ती हात धुऊन, पदराला पुसत आली. बसली. बराच वेळ शोधत राहिली. त्यांचं पान तिथे नव्हतं. काढून टाकलं असावं. माणूस काढून टाकणारच.

"काय गं?" मी विचारलं. हो, मीच विचारलं.

"काही नाही. जमलं असेल त्यांचं." मग तिने स्वतःचंही नाव तिथून काढलं. कसं काढायचं ते तिला सापडेना, तर मी दाखवलं. आई पलंगावर कण्हली तशी ती उठून तिच्याकडे गेली.

आई त्यानंतर पुष्कळ वर्षं होती. वंदूने तिला कधी जखम होऊ दिली नाही. डॉक्टरसुद्धा कौतुक करायचे. आई गेल्यावर पलंग काढला, कॉम्प्युटर तर त्याआधीच भंगारात गेला होता. वंदू आहे. तिच्या केसांत आता काळा शोधावा लागतो. नीता उशिरा येते, माझी साखर वाढलीय, म्हणून माझं पथ्यही आता वंदूच सांभाळते.

गेल्या महिन्यात माझ्या मुलीचा साखरपुडा झाला. हॉल वाशीला घेतला होता. पंगतीत चुलत्यांकडची सगळी बसली होती, तीच भावकी, जिला मी एवढा भ्यालो होतो. दोघातिघांना तर मी कोण तेही चटकन आठवलं नाही. वंदू वाढत होती. एका चुलतवहिनीने तिची फिरकी घेतली, "काय वंदे, भाचीचं पण झालं. तुला नाही का वाटलं गं कधी, करावं म्हणून?"

वंदूने हातातलं जिलेबीचं ताट जरा वर उचललं आणि मोकळेपणाने हसून म्हणाली, "मला काय गं वाटायचं, वहिनी? कुणी विचारलंच नाही कधी."

सगळे हसले. ती पुढे सरकली आणि माझ्या पानाशी आली. "दादा, तुला अर्धीच," म्हणाली, आणि जिलेबी मोडून अर्धी वाढली.

मी ती खाल्ली.

विचारलं होतं. उत्तर मी दिलं.