वानखडे भाऊंच्या कानांचा रिपोर्ट, भर कँटीनमध्ये

मित्रांनो, दुपारपासून जीव थाऱ्यावर नाही, म्हणून इथं लिहून राहिलो.

लढाईची चिन्हं दिसल्यापासून आमच्या दारूगोळ्याच्या फॅक्टरीत सुट्ट्या बंद आहेत. आज जेवणाच्या वेळी शेजारच्या मशीनवरचे वानखडे भाऊ कानांच्या तपासणीचा रिपोर्ट घेऊन माझ्याकडे आले. मी दहावीच शिकलो, पण डॉक्टरी शब्द डिक्शनरी घेऊन पाठ केले. अंदाजे सांगत नाही.

“बायलॅटरल म्हणजे दोन्ही कान. सेन्सरीन्यूरल म्हणजे बिघाड पडद्यात नाही, आतल्या कानात किंवा नसेत.”

“तेल टाकलं तर?”

“तेल तिथवर पोचतच नाही, भाऊ. गेलेलं ऐकणं बहुतेक वापस येत नाही. मशीनचा आवाज टाळा.”

मशीनवर आम्ही ओरडूनच बोलतो. कँटीनमध्येही माझा तोच आवाज निघाला. पलीकडच्या टेबलावरून फोरमन उठले. “वानखडे जी, कल से आप स्टोर में बैठिए.”

रिटायरमेंटला आठ महिने उरले. भाऊंना मशीनवरूनच निवृत्त व्हायचं होतं. ते एवढंच बोलले, “डॉक्टरसाहेब, शब्द मात्र सगळे बरोबर सांगितले हो.”

कानांसाठी हे बरंच झालं. पण ते सांगायचा हक्क भाऊंचा होता, माझा नव्हता.

आता रांझी वस्तीत त्यांच्या घरी जाऊन माफी मागायची आहे. वहिनींना अजून काहीच माहीत नाही. हळू बोललो तर भाऊंना ऐकू येणार नाही, मोठ्यानं बोललो तर वहिनी ऐकतील. तुम्ही काय केलं असतं?