फारूकभाऊंची बॅटरीगाडी

ऊर्जानगरलगतच्या वस्तीत फारूकभाऊंना सगळे बॅटरीवाले म्हणूनच ओळखतात. वीज केंद्राच्या गॅरेजात उभी हयात गेली. निवृत्तीनंतर माणूस नातवंडं खेळवील, नमाज वेळेवर पढेल. पण यांनी जंगल सफारीच्या एका रिसॉर्टमधून मोडीत निघालेली गोल्फ कार्ट आणून अंगणात उभी केली. नसीमबाईंनी नवऱ्याशी चांगला अबोला धरला. पुढं तीच गाडी म्हाताऱ्याकोताऱ्यांची दवाखान्यात ने-आण करू लागली, तेव्हा कुठं त्यांचा राग निवळला.

सीटखाली सहा बॅटऱ्या होत्या आणि त्यांची तब्येत घरच्या घरी तपासायची फारूकभाऊंची रीत ठरलेली होती. गाडी रात्रभर चार्जिंगला लावायची. सकाळी चार्जर काढला की दुपारपर्यंत तिला हात लावायचा नाही. "चार्जर काढल्याबरोबर मीटर लावलं का थे खोटं बोलते," असं ते येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवत. मग एकेका बॅटरीला मीटर. शेवटी गल्लीतली वजनदार मंडळी हाका मारून गाडीत बसवायची, पाण्याच्या टाकीचा चढ चढवायचा आणि ओझ्याखाली कोणती बॅटरी दम सोडते ते बघायचं. बोलावणं आलं की बाया लटक्या रागानं नाकं मुरडत, पण येऊन बसत.

पलीकडच्या गल्लीत बापूराव राहत. गॅरेजातले जुने सोबती. छप्पन साली बाबासाहेब चंद्रपूरला आले, तेव्हा वडलांच्या खांद्यावर बसून बापूरावांनी त्यांना पाहिलेलं. तेव्हापासून चंद्रपूरच्या दीक्षाभूमीवरचा ऑक्टोबरातला सोहळा त्यांनी कधी चुकवला नाही. फारूकभाऊंची ओळख झाल्यापासून त्यांच्याच स्कूटरवर मागं बसून जात. गेल्या साली मात्र बापूरावांच्या कमरेनं दगा दिला. स्कूटर जमेना, ऑटोचे धक्के सोसेनात. ते म्हणाले, "आता काई खरं नाई, फारूक. यंदा जाणं झालं तं झालं."

"काऊन नाई होणार? माही गाडी हाये ना," फारूकभाऊ म्हणाले.

सोहळ्याच्या दिवशी ते पहाटेच चार्जर काढायला अंगणात आले, तर फाटकाशी बापूराव उभे. पांढराशुभ्र सदरा, हातात काठी, मुलासारखा उजळलेला चेहरा. येऊन थेट सीटवर बसले. आता या माणसाला दुपारपर्यंत थांब म्हणून कोण सांगणार? फारूकभाऊंनी त्यांना जरा उठवून सीट उचलली, गरम बॅटऱ्यांना तसंच मीटर लावलं. सहाही ठणठणीत दिसल्या. चढ राहिला, वजनदार मंडळी राहिली. जन्मभर दुसऱ्यांना जे करू नका म्हणून बजावलं, तेच केलं, आणि तेही प्रेमापोटी.

शहराच्या अलीकडच्या पुलाच्या चढावर गाडी कण्हली आणि थांबली. निळे झेंडे लावलेले टेम्पो शेजारून जात होते. एक थांबला. पोरं खाली उतरली. "बाबा, उचलून घेतो, चाला," म्हणाली.

फारूकभाऊ गडबडीनं म्हणाले, "राहू द्या, उचलल्यानं त्याईची कंबर जाईल. थोडी थंड झाली का चालते गाडी."

टेम्पो निघून गेला. ऊन चढलं. मीटर लावलं तेव्हा कळलं, सहातली एकच बॅटरी मेली होती, पण तिनं बाकीच्या पाचांनाही अडवून ठेवलं होतं. बापूरावांचा चेहरा काळवंडला, घाम फुटला. शेवटी तेच हळू आवाजात म्हणाले, "चाल, घरी चाल. मले बसवत नाई."

तासभर विसावलेली गाडी उतारावरून माघारी तेवढी रांगत आली. बापूरावांच्या फाटकाशी त्यांना उतरवून फारूकभाऊ आत न जाताच निघाले. त्यांच्या बायकोला, रुखमाबाईंना तोंड दाखवायची लाज वाटली. दुसऱ्याच दिवशी नवी बॅटरी आणून बसवली. आता काय उपयोग होता तिचा? पुढच्या साली नेतो, असं ते बापूरावांना म्हणत राहिले. बापूराव हसून मान डोलवत. थंडी सरता सरता ते गेले.

बापूरावांच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी बुद्धवंदना झाल्यावर फारूकभाऊ मांडवाच्या कडेला बसले होते. आज आपली चूक सांगून टाकायची, माफी मागायची, असं ठरवूनच आले होते. रुखमाबाई स्वतः चहा घेऊन आल्या.

"तुमच्यामुळं शेवटच्या खेपेले जाणं झालं, फारूकभाऊ. घरी आले तं मले म्हणे, गर्दी लय होती, पण फारूकनं पार पायरीपाशी नेलं. मन भरून डोकं टेकवलं म्हणे. लय समाधानानं गेले."

फारूकभाऊंनी कप खाली ठेवला. गेलेला माणूस जाताना आपल्यावर पांघरूण घालून गेला, हे त्यांना कळायला वेळ लागला.

"हो बाई," ते म्हणाले. "मन भरून टेकवलं."