लो-फॅट निरांजन

आमच्या घरातलं लोणी मी बंद पाडलं. (हाती घेतलेलं आणि तडीस गेलेलं माझं हे एकमेव कार्य.)

आम्ही डोंबिवलीत मानपाडा रोडला राहायला आलो तेव्हा आई दर चार दिवसांनी ताक घुसळायची. लोणी कढायला लागलं की अख्खा मजला आमच्या दारावरून सावकाश चालायचा. पुढे अप्पांची छाती दुखू लागली, डॉक्टरांनी बायपास सांगितली आणि घराची सूत्रं मी हाती घेतली. वागळे इस्टेटमधल्या कामावरून सुटलो की येताना आधी मार्गारिन आणायचो. मग ठाण्याच्या एका मोठ्या दुकानात लो-फॅट स्प्रेड दिसलं आणि मार्गारिनही हद्दपार झालं. तुपाची बरणी तर मी उचलून धुणंवाल्या बाईंना देऊन टाकली. अप्पांच्या पोळीवर ते फिकट पिवळं प्रकरण मी स्वतः फासायचो. अप्पा निमूट गिळायचे. मला वाटायचं, सुधारले!

ऑपरेशनसाठी भरती व्हायचा दिवस उजाडला. खाली शेजाऱ्यांची गाडी हॉर्न देत होती. मी अप्पांची बॅग खांद्याला लावली. आईने औक्षणाचं तबक घेतलं आणि थबकली. निरांजनात घालायला घरात थेंबभर तूप नव्हतं.

"स्प्रेड घाल की," मी म्हणालो. "लोण्याचाच धाकटा भाऊ तो."

वात पेटली, तडतडली, अप्पांच्या इस्त्रीच्या शर्टावर दोन थेंब उडवून विझली. पुन्हा लावली. पुन्हा विझली. आईचा चेहरा पांढरा पडला. ती तबकासकट उंबऱ्यातच बसली.

"आज हे जात नाहीत."

"अगं आई, अपशकुन कसला? स्प्रेडमध्ये निम्मं पाणीच असतं."

"पाणी? आणि एवढे दिवस तू यांच्या पोळीला पाणी लावत होतास?"

मी तेल सुचवलं. औक्षणाला तेल चालत नाही आणि असल्या वेळी तूप उसनं आणत नाहीत, हे तिने एका दमात सांगून टाकलं. खाली हॉर्न आता सलग वाजत होता. उशीर झाला तर खाट दुसऱ्याला जाईल, असं हॉस्पिटलने बजावलं होतं. आई हलेना. माझ्या छातीत कळा यायला लागल्या.

अप्पांनी घड्याळाकडे पाहिलं, आईकडे पाहिलं आणि घसा खाकरला.

"बॅग उघड. टॉवेलच्या आत बघ."

टॉवेलात पंचा, पंच्यात बनियन आणि बनियनमध्ये झाकण घट्ट लावलेला स्टीलचा डबा. आत कणीदार साजूक तूप, काठोकाठ.

"हॉस्पिटलातली खिचडी कोरडी असते म्हणतात," अप्पा भिंतीकडे बघत म्हणाले.

आईने डबा ओढून घेतला. वात भिजवली, ज्योत सरळ उभी राहिली, औक्षण झालं आणि आम्ही वेळेत पोचलो.

तपासताना रिपोर्टमधलं न उतरलेलं कोलेस्टेरॉल बघून डॉक्टरांनी विचारलं, "घरी पथ्यावर लक्ष कोण ठेवतं?" अप्पांनी मोठ्या अभिमानाने माझ्याकडे बोट दाखवलं. डॉक्टरांनी मला आपादमस्तक न्याहाळलं आणि पुढचं सगळं पथ्य आईला समजावून सांगितलं.