फाट्यावरचा दगड

मी आयटीत काम करतो आणि मनगटावर उंची सांगणारं घड्याळ घालतो. एवढं झालं की माणसाला आपण फार शहाणे आहोत असं वाटायला लागतं.

पावसाळ्यातल्या एका रविवारी शहरालगतच्या सूसमधल्या घरून काकांच्या गावी गेलो होतो. त्यांचं घर धरणाच्या वरच्या अंगाला, डोंगराच्या पायथ्याशी. नऊ वर्षांच्या लेकीला घेऊन डोंगरावर निघालो, तेव्हा काकांनी बजावलं, "फाट्यावरच्या कातळावर दोगं बी एकेक दगड ठिवा. उतरताना आपापला पाडायचा. वर कोन हाय ते खालच्याला कळतंया."

फाट्यावर लेकीने मुठीएवढा गोटा शोधून कातळावर ठेवला. मी नाही ठेवला. उलट तिला घड्याळ दाखवलं. सातशे वीस मीटर. जसजसं वर चढावं तसतसं डोक्यावरच्या हवेचं ओझं कमी होतं, घड्याळ तेच मोजून उंची सांगतं, असं तिला समजावलं. उतरताना सातशे वीस आलं की डावीकडे गावाकडे वळायचं. सरळ पुढे मात्र कडा आहे.

दुपारी माथ्यावर असताना धुकं आलं. बघता बघता इतकं दाटलं की हात लांब केला तर बोटं पुसट दिसत होती. लेकीचा हात घट्ट धरून उतरायला लागलो. फोन पावसात भिजून केव्हाच बंद पडला होता. आता सगळी भिस्त घड्याळावर. आठशे. सातशे सत्तर. सातशे पन्नास.

"बाबा, माझा दगड?"

"अजून खाली आहे. घाबरू नकोस, बाबाला माहितीये."

"पण येताना इतकं गवत नव्हतं."

घड्याळ सातशे पस्तीस दाखवत होतं. मी आणखी एक पाऊल टाकलं. पायाखालचा दगड निसटला, घरंगळला आणि पुढे आवाजच आला नाही. मी श्वास रोखून ऐकत राहिलो. बऱ्याच वेळाने खूप खालून बारीकसं 'टक्' ऐकू आलं.

आयुष्यात मी इतका कधीच घाबरलो नव्हतो. माझ्या उजव्या हातात माझी पोर होती आणि पुढे जमीन नव्हती. तिला मागे खेचून खाली बसवलं. उभं राहायची हिंमत होईना. हातांनी गवत धरत, रांगत आम्ही उलटं चढायला लागलो.

किती वेळ गेला कोण जाणे. धुक्यातून खोकल्याचा आवाज आला.

कातळाजवळ काका बसले होते. डोक्यावरचं इरलं कुठेतरी पडलेलं, गुडघा फुटलेला. आम्हाला पाहून त्यांनी आधी पोरीला चाचपलं, मग माझ्याकडे बघितलं.

"येकच दगड दिसला. त्यो बी ल्हान. म्हनलं, तू आपला दगड पाडून उतरलास, पोर वरच ऱ्हायली. वर हाका मारत गेलो. दोनदा पडलो. तू बी दिसंना, पोर बी दिसंना."

मला मान वर करवेना. मनगट पाहिलं. फाट्यावर, सकाळच्याच जागी उभा होतो आणि घड्याळ म्हणत होतं सातशे एकसष्ट. डोंगर काही वर सरकला नव्हता. हवामान बिघडलं की बसल्या जागीही हवेचं ओझं कमी होतं, आणि घड्याळ बिचारं समजतं की माणूस वर चढला. म्हणून आम्ही फाटा ओलांडून कड्यावर पोचलो तरी ते आम्हाला वरच दाखवत होतं. ओळखीच्या जागी आकडा पुन्हा जुळवून घ्यावा, हे त्याच्या माहितीपत्रकात लिहिलेलं मी स्वतः वाचलं होतं.

"आता दगड पाडा," काका म्हणाले, "आन् चला घरी."

लेकीने आपला गोटा उचलून खाली टाकला. मग ती माझ्यासाठी थांबली. मला पाडायला काहीच नव्हतं.