गंगेतल्या चपला

आमच्या गावात पहिल्यांदा आलेला माणूस हटकून म्हणतो, "नशीबवान आहात हो तुम्ही लोक." समोर गोदावरीचं रुंद पात्र, काठावर काळ्या दगडाचं महादेवाचं देऊळ, थेट पाण्यात उतरलेल्या पायऱ्या. संध्याकाळी वरच्या अंगाला सूर्य पाण्यात उतरतो तेव्हा माणसं मोबाइल वर धरून उभी राहतात. मी "हो ना" म्हणते आणि नारळ हातात देते. गिऱ्हाइकाशी वाद घालू नये हे मला माहेरी शिकवलंय. माझ्या वडिलांचं परतूरच्या बाजारात दुकान होतं. पण मनातल्या मनात मी वाद घालतेच, तो माझा स्वभाव आहे.

गोदावरीला आम्ही गंगा म्हणतो. गंगेच्या मधोमध जिल्ह्याची हद्द जाते. अलीकडचा काठ जालना जिल्ह्यातला, पलीकडचा दुसऱ्या जिल्ह्यातला. खाली बंधारा झाल्यापासून उन्हाळ्यातही पाणी टिकतं, त्यामुळे रविवारी जालन्याच्या एमआयडीसीतली पोरं मोटारसायकलींवर येतात, लग्न ठरलेली जोडपी फोटो काढायला येतात, आणि धोंड्याचा महिना लागला की आंघोळीला येणाऱ्या बायामाणसांची रीघ लागते. औंदा हा महिना भर उन्हाळ्यात आला होता.

देवळाच्या वाटेवर निंबाचं झाड आहे आणि झाडाखाली माझं दुकान. नारळ, हळदकुंकू, खण, हिरव्या बांगड्या, पाण्यात दिवे सोडायचे द्रोण. निंबाच्या पुढं कुणी पायताण घालत नाही, म्हणून सगळे माझ्या दुकानासमोर चपला काढतात. "ताई, जरा ध्यान ठेवा," एवढं म्हटलं की चपला माझ्या ताब्यात. घाईत विसरून गेलेल्या, जोडीतली एकच उरलेल्या, अंगठा तुटलेल्या अशा चपलांचं एक पोतं माझ्या फळीखाली कायम भरलेलं असतं.

हिवाळ्यात वाळू काढणारे आले. ट्रॅक्टरला केनी लावायची, म्हणजे लोखंडाचं मोठं सुपडंच ते, आणि पाण्याखालची वाळू काठावर ओढायची. रात्रंदिवस घरघर चालली होती. गावातल्या दोघाचौघांनी तोंड उघडलं, तर उत्तर मिळालं की खड्डा पलीकडच्या हद्दीत येतो. पलीकडच्या गावानं विचारलं तर त्यांना सांगितलं, खड्डा अलीकडं येतो. वाळू मात्र दोन्हीकडून गेली. देवळाच्या पायऱ्यांपासून खालच्या अंगाला थोडं चाललं की गुडघाभर पाण्यातून माणूस एकदम पुरुष-दीड पुरुष खोल जाईल असा खड्डा झाला. वरून काही कळत नाही. पाणी तसंच शांत, तसंच फोटोत चांगलं येणारं.

महिना लागून थोडेच दिवस झाले होते. एक तरणी बाई आली, सोबत तीन-चार वर्षांची मुलगी. नवरा मागून येतोय म्हणाली. तिनं ओटीचं सामान घेतलं, चपला काढल्या आणि मला म्हणाली, "जरा इच्याकडं बघा ताई, एक डुबकी मारून आलेच मी." मी मुलीला फळीवर बसवलं, हातात केळं दिलं. पायऱ्यांवर दाटी होती म्हणून ती बाई खालच्या अंगाला मोकळं पाणी बघून गेली. पोरीचं केळं खाऊन झालं. मी दुसरं दिलं. मग काठावर आरडाओरडा झाला.

तिला पलीकडच्या काठाजवळ काढलं. कुठल्या हद्दीत नोंद करायची यावरून काठावर बोलणं चालू होतं आणि तिची पोर माझ्या पदराला हात पुसत होती. तिचा बाप तिला घेऊन गेला तेव्हा चपला न्यायचं कुणाला सुचलं नाही. निळ्या पट्ट्याच्या, साध्या, प्लास्टिकच्या. त्या मी पोत्यात टाकल्या नाहीत. फळीखाली आतल्या बाजूला वेगळ्या ठेवल्या. त्या दिवसापासून मला एकच ध्यास लागला, की माझ्यासमोर चपला काढून गेलेलं माणूस त्या चपला घालायला परत आलंच पाहिजे.

माझे सासरे गंगेचे वेडे. मी त्यांना मामा म्हणते. उभ्या जन्मात त्यांनी गंगेला पाय लावण्याआधी हात लावला नाही असं झालं नाही, आणि निंबाच्या पुढं वहाणा नेल्या नाहीत. त्यांच्या वहाणा टायरच्या तळाच्या, कर्रकर्र वाजणाऱ्या. त्या वाजायच्या थांबल्या की समजायचं, मामा गंगेवर गेले. बाई बुडाल्यावर दुसऱ्या दिवशी त्यांनी बांबू तोडले आणि माझ्याकडं लाल चिंध्या मागितल्या.

"उसाच्या ट्रॉलीला मागं लाल चिंधी आसती न्हाई का," ते म्हणाले. "ती बघून माणूस बराबर थांबतो."

मी जुनं लुगडं फाडून दिलं. मामांनी आणि आमच्या ह्यांनी, म्हणजे माझ्या नवऱ्यानं, खड्ड्याच्या अलीकडं ओळीनं काठ्या रोवल्या. त्या रात्री मला बऱ्याच दिवसांनी झोप लागली.

करायला गेलो एक आणि झालं भलतंच. ट्रॉलीमागची लाल चिंधी बघून माणूस थांबतो, पण गंगेतली लाल चिंधी बघून माणूस हात जोडतो. दोन दिवसांत एका काठीला हिरव्या बांगड्या बांधलेल्या दिसल्या. मग हळदकुंकू, मग खण. खोल पाण्यात साती आसरा, म्हणजे पाण्यातल्या सात देवी, राहतात हे आमच्याकडं लहान पोरालाही माहीत असतं. त्यात तिथं तरणी बाई गेलेली. लोकांनी जोड लावली: आसरांनी नेली, म्हणून गावानं तिथं त्यांचं ठाणं मांडलं. केनीनं खरवडलेल्या खड्ड्याला आठवड्यात आसरांचा डोह असं नाव पडलं. माणसं पायऱ्या सोडून मुद्दाम तिकडं जाऊ लागली, काठीपाशी वाकून ओटी भरू लागली. एक पाऊल पुढं की संपलं.

"आसरांची वटी द्या, ताई," म्हणत बाया दुकानात यायच्या.

"तिथं आसरा न्हाईत, बाई. खड्डा हाये. वाळूचा."

त्या माझ्याकडं अशा बघायच्या की मीच पापी. एक म्हातारी म्हणाली, "दुकान मांडून बसली आन् देवाला न्हाई म्हनती." शेजारच्या दुकानवाल्यानं तर 'आसरांचं सामान मिळेल' अशी पाटीच लावली. ग्रामपंचायतीनं मध्यंतरी 'पाणी खोल आहे' असा फलक उभा केला होता, पण त्याच्यावर पर्यटकांचं हार्दिक स्वागत करणारा, हात जोडलेल्या पुढाऱ्यांचा फ्लेक्स ताणला गेला. मी तो फ्लेक्स एकदा खाली सोडला. दुपारी पुन्हा वर होता.

मामा काठ्या उपटायला निघाले. मी म्हटलं, उपटल्या तर खूणच राहणार नाही, आता तर लोकांना ती जागा पाठ झालीय. ते मटकन पायरीवर बसले. एवढा खचलेला माणूस मी आमच्या घरात पाहिला नव्हता.

मग मला पोतं आठवलं.

पहाटे, काठावर कुणी नसताना, मी पोतं घेऊन पाण्यात उतरले. चिंध्या सोडल्या, बांगड्या काढून पदरात घेतल्या आणि प्रत्येक काठीला तुटक्या चपला बांधल्या. मी काही नास्तिक बाई नाही. गंगेला म्हटलं, मला काय करायचं ते कर, पण आज कुणाला नेऊ नको. त्या बाईच्या निळ्या चपला मात्र मी बांधल्या नाहीत.

आमचे हे बघून म्हणाले, "डोकं फिरलं का तुझं?" मी म्हटलं, फिरलंच आहे. मामांनी काठ्यांकडं बघितलं आणि तोंड फिरवलं.

पण गुण आला. खेटराला कोण हात जोडणार? माणसं खालच्या अंगाला जायची, काठीकडं बघून नाक मुरडायची आणि पायऱ्यांकडं परत यायची. अख्खा दिवस कुणी तिकडं पाऊल टाकलं नाही. मी दुकानात बसून ते बघत होते आणि मला इतकं बरं वाटत होतं की येणाऱ्या पोराटोरांना फुकट खोबरं वाटलं.

संध्याकाळी कुणीतरी त्याचा व्हिडिओ काढून सगळीकडं पाठवला. गंगामातेचा अपमान. लोकांनी तो ज्या रागानं एकमेकांना पाठवला, त्याच्या निम्मा राग हिवाळ्यात केन्यांवर काढला असता तर त्या पोरीची आई वाचली असती. दुसऱ्या दिवशी सकाळी देवळापुढं गाव जमलं. बाहेरगावचेही आले होते, त्यातले काही मी कधी पाहिले नव्हते. वाळूत ज्यांचे ट्रॅक्टर होते ते तर सगळ्यांत पुढं, कपाळाला गंध लावून.

"गंगामायच्या उरावर खेटरं टांगली," एक जण ओरडला. "हिंमत कोनाची झाली?"

मी उठत होते. ह्यांनी माझा दंड धरला. मी हात सोडवेपर्यंत मामा पुढं झाले होते.

"म्या टांगली," मामा म्हणाले. "चूक झाली. माफी करा."

मी म्हणाले, "मामा, तुम्ही न्हाई..." पण गलका एवढा होता की माझं कुणी ऐकलं नाही, आणि मामांनी मागं वळून हातानंच मला गप केलं. कुणीतरी म्हणालं, नुसतं तोंडानं नको, पायरीला नाक लावा. ज्या पायऱ्या ते रोज झाडतात त्याच पायऱ्यांवर माझे सासरे ओणवे झाले. गुडघे दुखतात त्यांचे, उठताना दोघांनी धरावं लागलं. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते मी त्या दिवशी डोळ्यांनी बघितलं. रागानं मला रडूही येईना. तेवढ्यात चार पोरं पाण्यात उतरली आणि त्यांनी जयजयकार करत सगळ्या काठ्या उपटून फेकल्या. खड्ड्यावरचं पाणी पुन्हा सपाट झालं.

उद्या अमावास्या होती. धोंड्याच्या महिन्याचा शेवटचा दिवस, सगळ्यांत मोठी गर्दी.

त्या रात्री मामा ताटाकडं बघतच जेवले. मला वाटलं, माझ्यामुळं त्यांना गावापुढं नाक घासावं लागलं, आता हे मला कधी माफ करणार नाहीत. आणि खरं सांगते, त्याहून जास्त मला उद्याची भीती वाटत होती.

अमावास्येला उजाडता उजाडता मी दुकान उघडलं. वहाणांचा कर्रकर्र आवाज आला. निंबापाशी तो थांबायला हवा होता, थांबला नाही. मामा खांद्यावर नवा बांबू घेऊन निंबाच्या पुढं चालत होते, वहाणा घालून. मी धावत मागं गेले. पाण्याच्या कडेला त्यांनी वाकून गंगेला हात लावला, तो हात कपाळाला लावला, मग वहाणा काढून माझ्या हातात दिल्या.

"मामा, पुन्हा गाव उठंल," मी म्हटलं.

"उठू दे. काल माफी मागितली ती तुह्या चपलांची," ते म्हणाले. "ह्या माह्या हायेत. चल, बांध."

त्यांनी पाण्यात काठी रोवली, मी वहाणा बांधल्या. गाठ मारताना माझ्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि मामा ते बघितलंच नाही असं दाखवत होते. बांधून झाल्यावर ते काठावर, काठीच्या अगदी समोर, अनवाणी बसून राहिले. ऊन चढलं. गाव आलं. कालचे काही जण तरातरा आले, काठीकडं बघितलं, वहाणा ओळखल्या. अख्खं गाव त्या ओळखतं. मामा त्यांच्याकडं बघत बसले होते. कुणी पाण्यात उतरलं नाही. एक जण थुंकून निघून गेला.

दुपारच्या गर्दीत एक बाई आली, कडेवर पोरगी. दुकानासमोर चपला काढल्या, "ध्यान ठेवा ताई," म्हणाली आणि पायऱ्यांवर दाटी बघून खालच्या अंगाला वळली. माझ्या हातातला नारळ तसाच राहिला. ती गुडघाभर पाण्यात गेली, काठीपर्यंत पोचली, तिनं मान वर केली.

"शी! काय मेली मानसं हायेत ह्या गावची!" ती एवढ्या मोठ्यानं ओरडली की मला दुकानात ऐकू आलं. "गंगंत खेटरं टांगली. वाटुळं व्हईल वाटुळं!"

ती तशीच मागं फिरली. पायऱ्यांवर दाटीत घुसून तिनं आंघोळ केली, पोरीच्या डोक्यावर तीन ओंजळी घातल्या. मग ओल्या लुगड्यानं माझ्यासमोर आली आणि मलाही चार शब्द सुनावले, की दुकान टाकून बसता आणि असलं डोळ्यांनी बघता, लाज कशी वाटत न्हाई. मी सगळं ऐकून घेतलं. पोरीला एक केळं दिलं. बाईनं ओल्या पायांनीच चपला घातल्या आणि पुटपुटत रस्त्याला लागली.