सोरटीत निघालेली सायकल

दरेकशाच्या शाळेवर माझी नेमणूक झाली तेव्हा मी ऐन विशीत होते, आणि नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती. सासरच्यांनी मला पांढऱ्या पायाची म्हणून माहेरी पाठवलं. वडिलांनी पुढं शिकवून मास्तरीण केलं. दरेकशात मला कुणी टाकून बोललं नाही. फक्त कुणाच्या घरी लग्न निघालं की हळदीला बोलावणं यायचं नाही, दुसऱ्या दिवशी जेवायला यायचं. शाळा सुटली की खोलीत मी एकटी. चढावर धापा टाकणारी मालगाडी ऐकत भात शिजवायचा आणि जेवायचं.

त्या वर्षी वानरांनी शाळेची कौलं फोडली. पावसाळाभर पोरं एका कोपऱ्यात दाटीनं बसली. सरकारकडून काही येईना, तेव्हा पाटील म्हणाले, "सोरट काढू." गोंदियाच्या एका तांदूळगिरणीवाल्या शेठनं बक्षिसाला नवी कोरी सायकल दिली. ती पाटलांच्या ओसरीवर उभी करून ठेवली होती. माणसं धान कापून परतताना वाट वाकडी करून यायची, घंटी वाजवायची आणि जायची. ज्यांच्याकडं पैसे नव्हते त्यांनी पायलीभर धान देऊन चिठ्ठी घेतली. चिठ्ठ्यांवर नावं लिहायचं काम माझ्याकडं होतं. एक चिठ्ठी मीही घेतली. शाळेचंच काम, बाईंनीच घेतली नाही तर बरं दिसलं नसतं.

दिवाळीनंतर गावात मंडईची जत्रा भरली. दंडारीचा नाचगाण्याचा खेळ सुरू होण्याआधी पाटलांनी पितळी गुंडात चिठ्ठ्या टाकल्या आणि एका आंधळ्या म्हातारीला हात घालायला सांगितलं. तिनं काढलेली चिठ्ठी पाटलांनी एकदा मनाशी वाचली, मग मोठ्यानं वाचली. नाव माझं होतं.

कुणी टाळी वाजवली नाही. मागून एकजण म्हणाला, "चिठ्ठ्या कोनं लिवल्या व्हत्या?"

त्याला कुणी गप्प बसवलं नाही.

दुसऱ्या दिवशी पाटील माझ्या दारात आले. "बाई, तुमाले सायकल कायले पायजे? बाईमाणूस तुमी. वापस द्या, पुन्हा चिठ्ठी टाकू. लोकाईचं तोंड बंद होईल."

द्यायची असंच मीही ठरवलं होतं. तोंडातून मात्र निघालं, "नाही."

"काऊन?"

"माझ्या नावानं निघाली म्हणून."

"जशी तुमची मर्जी," ते म्हणाले आणि गेले.

मी दार लावून घेतलं आणि रडले. आजवर माझ्या नावानं जे निघालं ते सगळं वाईटच होतं, हे मी पाटलांना कसं सांगणार?

शेजारची एक बाई संध्याकाळी माझ्याकडं येऊन बसायची, तांदूळ निवडता निवडता बोलायची. तिचं येणं थांबलं. विहिरीवर भेटली तेव्हा मी कारण विचारलं. ती खरं बोलली. "माह्या घरच्यानं लय चिठ्ठ्या घेतल्या व्हत्या, बाई. मी तुमच्याकडं बसली त तो रागावते." घागर डोक्यावर घेऊन ती पुढं झाली, माझ्यासाठी थांबली नाही.

शाळेवर नवी कौलं चढली. पोरं कोरड्या जमिनीवर बसू लागली. सोरटीचं काम झालं होतं.

रविवारी सकाळी मी स्टेशनामागच्या वाटेवर सायकल शिकू लागले. धरायला कुणी नव्हतं. नऊवारीचा काष्टा होता म्हणून पुरुषी सायकलच्या दांडीवरून पाय टाकता यायचा. पडायचे, कोपर धुवायचे, पुन्हा चढायचे. मोळ्या घेऊन जाणाऱ्या बाया लांबून बघायच्या आणि आपसांत काहीतरी बोलायच्या. उन्हाळ्यापर्यंत मला न पडता चालवता येऊ लागलं.

पुढच्या वर्षी शाळेत विहीर खोदायची होती. पुन्हा सोरट निघाली. चिठ्ठ्या विकणारा माणूस घरोघर फिरला आणि माझं दार ओलांडून पुढं गेला. मी हाक मारली, "भाऊ, माझी चिठ्ठी?"

तो हसला. हसण्यात खोट नव्हती. "तुमचं त एकदा निघालं ना, बाई. आता दुसऱ्याईचं निघू द्या."

त्याचं बरोबरच होतं. तरी मला जिव्हारी लागलं. विहिरीसाठी चार आणे द्यायचा हक्कही मला राहिला नव्हता.

मंडईच्या दिवशी मी गावात थांबले नाही. सकाळीच सायकल काढली आणि जंगलातल्या वाटेनं सालेकशाच्या बाजाराला गेले. तिथं मला ओळखणारं कुणी नव्हतं. वांगी विकणाऱ्या एका म्हातारीनं विचारलं, "कोठून आली व, बाई?"

मी तिच्यापुढं उकिडवी बसले. वडिलांबद्दल, शाळेबद्दल, वाटेत लागलेल्या नाल्याबद्दल सांगत राहिले. गिऱ्हाईक आलं की ती वांगी तोलायची, आणि पुन्हा माझ्याकडं वळून म्हणायची, "मंग?"

उन्हं उतरेपर्यंत मी तिथंच होते.